पहिल्या मराठी मेसेजला टाळ्या

हेमराजचं रक्त ओ निगेटिव्ह, आणि त्याचा त्याला भारी माज. गडचिरोलीत त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, पण गाव ओळखायचं ते रक्तदानासाठी. 'रक्तसेतू' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यानेच काढलेला. ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंतची माणसं त्यात. कोणाला रक्त लागलं की ग्रुपवर टाकायचं, देणारा धावत जायचा. चांगलं काम होतं हो, खोटं कशाला बोला!

बिघडलं ते नंतर. राज्यभरच्या कुठल्याशा मराठीप्रेमींच्या ग्रुपात हेमराजने हौसेनं लिहिलं, "मले बी मराठीचा अभिमान हाय." झालं! "ही कुठली भाषा?" म्हणून पुण्याकडच्या एकानं विचारलं, बाकीचे खिदळले, त्या वाक्याचे स्टिकर निघाले.  तो राग हेमराजने घरी आणला आणि आपल्या ग्रुपवर काढला. इथे फक्त मराठी, तेलुगू-गोंडी-हिंदी बंद! रुग्णाच्या घरच्यानेच लिहायचं, कारण मागे रक्त विकणारा एक दलाल घुसला होता. आणि परभाषेचा माणूस पहिल्यांदा मराठीत लिहील तेव्हा सगळ्यांनी टाळ्या टाकायच्या. पहिल्या टाळ्या अर्थातच हेमराजच्या. लोकांनाही त्यात मजा वाटायला लागली.

एका सकाळी मल्लय्याचा मेसेज आला. सिरोंच्याकडचा मासे धरणारा माणूस, लिहिलेलं सगळं तेलुगूत. टाकल्याबरोबर मंडळी तुटून पडली. गुणवंतराव म्हणून एक रिटायर्ड कारकून होते, त्यांनी तर लिहिलं, "तेलंगणात जा, तिथं माग रक्त!"

ज्योत्स्ना शाळेत शिकवायची. मूळ सिरोंच्याची, तिला तेलुगू वाचता येई. तिनं मधेच लिहिलं, "भांडू नका हो! पोरगी सिकलसेलची हाय, अन्नपूर्णा नाव. गडचिरोलीतच दवाखान्यात हाय. दुपारच्या आत ओ निगेटिव्ह रक्त पायजे."

रुग्णाच्या घरचा नाही म्हणून हेमराजने तो मेसेज पुसला. लगेच तिचा फोन आला.

"भाऊ, काऊन पुसला? तुमचंच रक्त लागते तिले!"

"मी देतो नं! नाई कुठी म्हणून राह्यलो? पण बापानं एक ओळ मराठीत लिवावं. महाराष्ट्रात राह्यते नं तो?"

"त्याले येत नाई भाऊ. अन् मी ब्रह्मपुरीले ट्रेनिंगमध्ये हाव, तो फोन उचलून नाई राह्यला. तुम्ही जा नं, दवाखाना तुमच्या दुकानामागंच हाय."

"बाई, मले लोक हसले तवा कोन आलं होतं?"

ज्योत्स्ना रडायला लागली तसा त्याने फोन ठेवला. काळीज नव्हतं असं नाही त्याला. जायचं त्याने पक्कं ठरवलं होतं. मल्लय्याची मराठी ओळ येईल, टाळ्या पडतील, मग आपण दवाखान्यात जाऊ, बाटली लागलेली असताना फोटो काढू, खाली लिहू, 'मराठीनं जीव वाचवला.' पांढरा शर्ट त्याने इस्त्री करून खुंटीला लावलासुद्धा. ग्रुपवर मात्र शिव्या वाढतच होत्या, म्हणून त्याने ग्रुपला कुलूप घातलं. अ‍ॅडमिनशिवाय कोणालाच लिहिता येणार नाही असं केलं आणि जेवायला बसला. जेवून जरा आडवा झाला.

अरे बाबा, कुलूप घातल्यावर तो बाप लिहिणार कुठे? हे हेमराजच्या डोक्यात आलं ते थेट जाग आल्यावर. उन्हं कलली होती. "हात तिच्या!" म्हणत त्याने कुलूप काढलं, शर्ट अंगात घातला आणि फोन हातात धरून वाट बघत बसला.

थोड्या वेळाने मेसेज आला. वर नाव मल्लय्या, खाली कोणाकडून तरी लिहून घेतलेली स्वच्छ मराठी अक्षरं. हेमराजची छाती फुगली. जिंकलो! न वाचताच त्याने टाळ्यांची ओळ टाकली, हार टाकला. त्याच्यामागून सगळा ग्रुप सुटला. टाळ्या, हार, फटाके. "वा मल्लय्या!" "जमलं की!"

मग शर्टाची बटणं लावता लावता त्याने वाचलं.

'माझी मुलगी अन्नपूर्णा दुपारी वारली. आता रक्त नको. सर्वांना नमस्कार.'

 आधी त्याने आपल्या टाळ्या पुसल्या, मग दुसऱ्यांच्या पुसायला लागला. पण एक पुसावी तर खाली चार नव्या. अ‍ॅडमिनने सुरू केल्या म्हटल्यावर वाचायची कोणाला गरज होती? त्यानेच लावलेली सवय ती. मेल्या पोरीच्या नावाखाली टाळ्यांवर टाळ्या पडत राहिल्या, आणि 'थांबा' एवढं लिहायलाही त्याचं बोट वळेना. थांबा लिहिलं तर का, तेही लिहावं लागलं असतं.

तेवढ्यात मल्लय्याचा दुसरा मेसेज आला.

'सर, मराठी बरोबर आहे का?'

 दवाखाना दुकानामागेच होता, पाच मिनिटांवर. हेमराज जागचा हलला नाही.

उत्तर गुणवंतरावांनी दिलं, "एकदम करेक्ट! शाब्बास!"