मागचं सगळं दिसतं

गाडीच्या मागचं दाखवणारे वायरलेस कॅमेरे मी आणि मेव्हण्याने जोडीने घेतले. मेकॅनिक कशाला, घरीच बसवू, हा शहाणपणा माझाच. दुपारभर घाम गाळून दोघांनी अंगणात पुढेमागे उभ्या असलेल्या आपापल्या गाडीला कॅमेरा बसवला.

मी गाडीत बसून रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर एक गाडी जवळ येताना दिसली. मी ब्रेक दाबला. ती येतच राहिली. हँडब्रेक ओढला, तरी येतच राहिली. मग तिच्या काचेआड स्क्रीनकडे तोंड वासून बघणारा माणूस दिसला. तो मीच होतो. मान वर करेपर्यंत मेव्हण्याची गाडी मागे येऊन माझ्या बॉनेटवर आदळली.

तो उतरला. "भाऊजी, मला तर मागे मोकळं अंगण दिसत होतं."

मी वळून पाहिलं. माझ्यामागचं अंगण खरंच मोकळं होतं.