केसांचं काँक्रीट

केस डोक्यावर असतो तोवरच शोभतो. तिथून खाली पडला की त्याच्याइतकी किळसवाणी वस्तू जगात नाही, आणि हे मी पोतंभर केसांत कोपरापर्यंत हात घालून सांगतेय.

कल्पना माझीच, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. नुसतं काँक्रीट दाबलं तर सोसतं, वाकवलं की कडकन मोडतं. आत तंतू घातले की ते भेगेला दोन्हीकडून धरून ठेवतात. मावशीचं पार्लर आहे, म्हणजे तंतू हवे तेवढे. विज्ञानाच्या बाईंची अट होती: माझी फूटभर लांबीची तुळई बादल्यांच्या वजनाला टिकली तर प्रदर्शनाला मी, नाहीतर ज्वालामुखी. तोच थर्माकोलचा ज्वालामुखी, जो दरवर्षी सोडा ओकतो. त्याच्यापुढे हरायचं म्हणजे शाळेत तोंड दाखवायला नको.

मावशीने पोतं उघडलं आणि मी नाक दाबून दोन पावलं मागे सरले. काळे, पांढरे, लालभडक रंगवलेले केस, मध्येच कुणाचं तरी च्युइंगगम, आणि शिळ्या तेलाचा वास. ‘एवढी नाजूक असशील तर मीच धुऊन देते,’ असं ती म्हणाली, तेव्हा मला ती देवमाणूस वाटली.

त्या केसांची तुळई घरीच करून पाहिली, ती पहिल्याच बादलीला मोडली. मोडलेल्या तोंडातून केस लोंबत होते, सुळसुळीत, चमकदार, एकही न तुटलेला. सिमेंटमधून नुसते सरकून बाहेर आले होते. मेलेला उंदीर उकरून काढावा तसं ते दिसत होतं.

मी तडक मावशीकडे गेले आणि कशाने धुतलेस म्हणून विचारलं.

"शाम्पू, मग कंडिशनर. चांगला भारीतला."

"मावशी, त्यांना लग्नाला नव्हतं गं जायचं."

"माझ्या हातून केस तसेच जायचे नाहीत," ती फणकारली.

बाईंच्या हातापाया पडून आणखी मुदत मिळवली. या खेपेला केस मी स्वतः धुतले, कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून. वर राखाडी साय आली. त्यात कोंडा होता. एक केस माझ्या ओठाला चिकटला, त्याबद्दल मी काहीही लिहिणार नाही. वाळल्यावर ते काथ्यासारखे खरखरीत झाले. मग कातरून चिमटीचिमटीने सिमेंटमध्ये कालवले, कारण एकदम टाकले की गोळा होतो, आणि तो गोळा थेट मोरीच्या जाळीतला वाटतो. महिनाभर तुळई ओल्या गोणपाटाखाली ठेवली.

वर्गात आधी बिनकेसांची साधी तुळई लावली. तिचे दोन तुकडे धाडकन जमिनीवर पडले. मग माझी. तीही तडकली. ज्वालामुखीवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या, पण ती पडेना. भेगेत केस टाके घातल्यासारखे ताणलेले, आणि बादली लटकलेलीच. आणखी एक बादली लावली, तरी तेच.

बाई कौतुकाने भेगेवरून बोट फिरवत कसले तंतू म्हणून विचारू लागल्या.

"केस, बाई. पार्लरमधले."

बोट विजेचा झटका बसल्यासारखं मागे गेलं. त्यांनी ते डस्टरला पुसलं, रुमालाला पुसलं, शेवटी नळावर जाऊन आल्या. मागच्या बाकांवरून ओकारीचे आवाज येत होते.

"शिसारी आणलीस अगदी," बाई म्हणाल्या. "पण टिकलीय. प्रदर्शनाला तूच जा. तिथे मात्र याच्या दुप्पट मोठी लागेल."

दुप्पट तुळई म्हणजे केसही दुप्पट. मी घशाशी आलेलं गिळलं आणि हो म्हणाले.