हिवाळी घराची माती

माझी थोरली लेक मकपाल मला वहिनी म्हणते. पहिलं नातवंड आजोबांचं लेकरू मानायचं, ही आमच्याकडची रीत. ती माझ्या सासऱ्यांना बाबा म्हणते, आणि तिच्याबाबतीत माझं काही चालत नाही. शाळेत मी विज्ञान शिकवते, घरी तोंड मिटून चहा ओतते.

सासरे लहान असताना अणुचाचण्यांमुळे त्यांचं डोंगरामागचं, थंडीत मेंढ्या घेऊन राहायचं हिवाळी घर ओस पडलं. त्यांची आई तिथंच पुरलेली. यंदा थंडी पडायला लागली तसे ते भरदुपारी कान देऊन बसू लागले.

"आई हाक मारतेय," म्हणायचे.

"मलाही ऐकू येते, बाबा," एकदा मकपाल म्हणाली.

मग एके दिवशी चहाला बसल्यावर ते म्हणाले, "उद्या मेंढ्या घेऊन तिकडे राहायला जातो. पोरगी येईल माझ्यासोबत. मातीतलं विष तीस वर्षांत निम्मं होतं, सूनबाईच शिकवते ना? तीस वर्षांत निम्मं गेलं, पुढच्या तिसांत उरलेलं निम्मं. साठ झाली. खलास!"

अख्खं गाव असंच मोजतं. पण सासऱ्यांना खोडून काढणार कोण? आमच्यात सून चहाचा वाडगा कधी पूर्ण भरत नाही. भरलेला वाडगा म्हणजे 'पिऊन निघा'. मी मकपालचा वाडगा काठोकाठ भरला. सासरे चपापले.

"निम्मा पी," मी तिला म्हटलं. प्याली. "उरलेल्यातला निम्मा पी. संपला?"

"छे! पाव आहे की अजून."

"तिकडची माती तेव्हा धोक्याच्या रेषेच्या सोळापट होती. आज?"

"आठ... चार. अजून चौपट!" तिनं बोटं मोजली. "मग दोन, मग एक. म्हणजे आणखी साठ वर्षं, वहिनी?"

"झालं शिकवून?" सासरे म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "आणखी साठ मी कुठून आणू? राहू दे पोरीला तुझ्याकडे. मी एकटा जातो."

सकाळी ते घोड्यावर बसले. मकपालनं रिकीब घट्ट धरली होती.

"वहिनी, गणित चुकलं म्हण!" ती रडत ओरडली. "तू बाई आहेस ना शाळेत? तुझं ऐकतील ते! म्हण की चुकलं!"

चुकलं म्हटलं असतं, तर ते तिलाही घेऊन गेले असते. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.