गळकं पिंप

आमच्या घरात सगळं काही आवाज करतं. दारं कुरकुरतात, पंखा कण्हतो, मी तर दिवसभर बोलतच असते. गप्प असतात ते फक्त नळ. चाळीस वर्षांत आमच्या नळाने एक थेंब फुकट सांडलेला नाही, कारण आमचे हे प्लंबर. गल्लीत त्यांना फिटरदादा म्हणतात. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी यांचं लक्ष चहाकडे नसतं, बेसिनखाली असतं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तेव्हा अर्धा तास ओट्याखाली आडवे पडले होते. जावई कसा आहे असं कोणी विचारलं, की माझी आई म्हणायची, पाय चांगले आहेत, बाकीचा अजून बघायचाय.

यांची एक पद्धत होती. जोड बसवून झाला की पाणी सोडायचं, जोड फडक्याने पुसायचा, जरा थांबायचं आणि मग उजव्या हाताचं पहिलं बोट त्याच्याखालून हळूच फिरवायचं. मग म्हणायचे, "कोरडं." बस, एवढा एक शब्द. तो ऐकला की गिऱ्हाईक निर्धास्त व्हायचं.

मागच्या वर्षी ते बोट चुकलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बुक बाइंडर आहे. आमच्या मुलीची शाळेतली पुस्तकंसुद्धा त्यानेच बांधलेली, इतकी जुनी ओळख. त्याच्या दुकानावरच्या खोलीत यांनी एका शनिवारी बेसिन बसवलं, बोट फिरवलं, "कोरडं" म्हणाले आणि घरी आले. रविवारी दुकान बंद. सोमवारी बाइंडरने शटर वर केलं तर छतातून पाणी ठिबकत होतं आणि खाली एका वाचनालयाची दीडशे पुस्तकं, नुकतीच बांधून झालेली, कोबीच्या गड्ड्यांसारखी फुगली होती.

बाइंडर एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. यांनी दिवसभर ती पुस्तकं उन्हात मांडली, वरचा जोड दुसऱ्या फिटरकडून नव्याने करून घेतला, घरी आले आणि हत्यारांची पिशवी खाटेखाली सरकवली. त्यानंतर तिला हात लावला नाही. बाइंडरचं दुकान लागू नये म्हणून दूध आणायला लांबच्या रस्त्याने जायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "वय झालं आता." चौसष्ट हे काय वय आहे? खुर्चीत बसल्या बसल्या माणूस विरत चाललेला मला दिसत होता. मला दुसरं काही नको होतं. ती पिशवी खाटेखालून बाहेर यायला हवी होती.

एक दिवस मुलीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. आडवं पिंप, मधून आरपार दांडा आणि त्या दांड्यावर गरगर फिरणारं ते पिंप. भाज्यांची सालं, देठं आत टाकायची, दर तिसऱ्या दिवशी फिरवायचं, दोन-अडीच महिन्यांत खत तयार. गच्चीवर माझ्या वीसेक कुंड्या आहेत, तेव्हा निमित्त आयतंच होतं. मी फोन यांच्या नाकासमोर धरला. "हे बघा, तयार मिळतं. मागवू का?"

किंमत बघून यांच्या भुवया वर गेल्या. पण पैशाचं राहू दे, यांना दुसरंच खुपलं. चित्र बोटांनी मोठं करून म्हणाले, "दांडा प्लास्टिकचा आहे. भरलं की वाकेल."

"वाकेना का. तुम्ही थोडंच करून देणार आहात?"

"असल्याला लागतं काय? एक पिंप आणि एक पाइप."

"म्हणजे मागवते मी."

"थांब जरा," हे म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

साबणाच्या कारखान्यातून रिकामं निळं पिंप मिळालं, जवळजवळ फुकटच. दांड्यासाठी यांच्याच भंगारातला इंची लोखंडी पाइप निघाला. पिशवी खाटेखालून बाहेर आली, आणि जुन्या पलंगाचे पाय कापून यांनी दोन घोड्या केल्या, फुलीच्या आकाराच्या, म्हणजे दांडा वरच्या खाचेत बसेल. मग दोऱ्याने मोजून, खडूने खुणा करून दोन्ही बुडांचा मध्य काढला. पिंप हलू नये म्हणून मला त्याच्यावर बसवलं. साठीची बाई निळ्या पिंपावर मांड ठोकून बसलीय, हे शेजारच्या गच्चीवरून शेजारणीने बघितलं आणि ती आठवडाभर मला "राणीसाहेब" म्हणत होती. पिंपाच्या पोटाला चौकोनी दार कापलं, त्याच कापलेल्या तुकड्याला बिजागऱ्या लावल्या, वर कडी. विकत आणलं ते एवढंच, बिजागऱ्या, कडी आणि मूठभर स्क्रू.

व्हिडिओतल्या बाईने एक गोष्ट दोनदा सांगितली होती. पिंपाला चारी बाजूंनी बारीक भोकं पाडा, हवा आत गेली पाहिजे, जादाचं पाणी बाहेर आलं पाहिजे. मी ते यांना सांगितलं.

"भोकं?" हे म्हणाले. "चांगल्या पिंपाला?"

आणि त्यांनी दांड्याभोवती, नळाच्या जोडाला गळू नये म्हणून लावतात तसा, सफेदा लावून सूत गुंडाळलं. दाराच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. एवढ्यावर थांबले नाहीत. पिंपात दोन बादल्या पाणी ओतलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि दुपारभर पिंप उलटंसुलटं करत बसले. खताच्या पिंपाची पाण्याच्या टाकीसारखी चाचणी घेणारा हा जगातला एकच माणूस असेल. संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्र उचलून मला दाखवलं. एक डाग नाही.

"बघितलंस?"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता, की माझी जीभच उचलेना. सात महिन्यांनी तो चेहरा मला परत दिसत होता. मी म्हटलं, "झकास झालंय." भोकं यांनी पाडली नाहीत, पण गप्प राहिले ती मी.

पुढचे अडीच आठवडे घरात आनंदीआनंद होता. मी सालं जमवायची, हे ती गच्चीवर नेऊन टाकायचे आणि तिसऱ्या दिवशी मोठ्याने पाच आकडे मोजत पिंप फिरवायचे. मग एका सकाळी यांनी दार उघडलं आणि असा भपकारा आला, की शेजारीण वाळत घातलेले कपडे ओलेच गोळा करून खाली पळाली. आत काळाहिरवा चिखल झाला होता. लगदा नुसता.

यांनी दार लावलं, कडी घातली, खाली आले आणि पिशवी पुन्हा खाटेखाली ढकलली.

"अहो, नुसती भोकं पाडायची राहिली. एवढंच तर आहे," मी म्हटलं.

"भोकांचं नाही गं." ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले आणि उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांनी माझ्यासमोर धरलं. "ह्याला ओल कळत नाही आता."

मला आधी समजेना.

"त्या शनिवारी मी बोट फिरवलं होतं. विसरलो नव्हतो. जोड ओला होता, मला कोरडा लागला."

यांना मधुमेह, आणि साखरेमुळे बधिरपणा येतो, हे डॉक्टरांनी आम्हाला केव्हाच सांगितलं होतं. आम्ही आपले पाय तपासत राहिलो. हाताचं माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि मी म्हणे रोज या माणसाच्या हातात चहाचा कप देते.

"मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? प्लंबरला ओल कळत नाही म्हणून सांगू?"

मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. सात-आठ महिने हा माणूस एवढं मोठं दुखणं पोटात घेऊन लांबच्या रस्त्याने दूध आणत होता, आणि मी त्याला आळशी समजून टोमणे मारत होते. मी नुसतं ते बोट मुठीत धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी बाइंडरकडे गेले. ओल फार झाली तर कोरडं मिसळा, भुसा किंवा कागदाचे कपटे, असं त्या व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं, आणि आमच्या भागात कपट्यांची खाण म्हणजे बाइंडर. मी कपटे मागताच त्याने पोतं भरायला घेतलं. मागच्या कोपऱ्यात त्याच्या हात धुवायच्या नळाखाली बादली होती. टप. टप. टप. आमच्या घरात ज्याची सवय नाही तो आवाज.

"हा कधीपासून गळतोय?"

"झाले की सहा महिने. वायसर गेला असेल."

"मग कोणाला बोलवायचं नाही का? अर्ध्या तासाचं काम."

बाइंडर खळीचा ब्रश पुसत राहिला. "वहिनी, हा नळ दादांनी बसवलाय. ते येतील की."

"ते काम करत नाहीत आता."

"माहितीय मला. म्हणून तर बादली ठेवलीय." त्याने पोत्याचं तोंड बांधलं. "पुस्तकं मी परत बांधली. माझा रोजचा धंदाच आहे तो. पण दादा इकडून जात नाहीत, ते काही बरं वाटत नाही मला."

पोतं घेऊन मी तडक गच्चीवर गेले. यांचं ड्रिल आधीच पिशवीतून काढून ठेवलं होतं. पिंपाला टेकवलं, बटण दाबलं. घर्रर्र आवाज झाला, पण पिंपावर साधा ओरखडा उठेना. मी जोर लावला. पिंप गोल फिरलं आणि मीही त्याच्याबरोबर अर्धी फिरले.

"उलटं फिरतंय ते," मागून आवाज आला. हे जिन्याच्या दारात उभे होते.

"फिरू दे. माझं मी बघते."

"बिट मोडशील. दे इकडे."

त्यांनी ड्रिल घेतलं, खटका सरळ केला आणि पिंपाच्या खालच्या अंगाला टोक टेकवलं. मग थांबले. चाळीस वर्षं भोकं बुजवलेला माणूस. मला वाटलं, ठेवतात आता खाली. मी काही बोलले नाही, याची नोंद व्हावी. त्यांनी बटण दाबलं.

पहिल्या भोकातून काळं पाणी आलं, आणि यांनी पटकन त्याच्यावर अंगठा दाबला.

"अंगठा काढा," मी म्हटलं.

"गळतंय गं."

"गळू दे."

हळूच काढला त्यांनी. पाणी त्यांच्या चपलेवर ठिबकत राहिलं आणि ते बघत राहिले. मग त्यांनी खिशातून खडू काढला, पट्टी लावून ओळी आखल्या आणि एका मापाच्या अंतरावर साठ भोकं पाडली. पाडायचीच तर ती नीट, तिथे तडजोड नाही. आम्ही अर्धं पोतं कपटे आत घातले आणि मी पहिल्यांदा पिंप स्वतः फिरवलं. कपटे कुठून आणले हे त्यांनी विचारलं नाही. कापडी बांधणीचे लाल तुकडे त्यांना दिसले होते. नळाचं मी सांगितलं, बादलीचंही सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि खाली गेले.

दोन महिने पिशवी जागची हलली नाही. पिंप मात्र हलत होतं. आधी वास गेला, मग आतलं गरम व्हायला लागलं, मग साल कुठलं आणि कागद कुठला हे ओळखू येईना. एका सकाळी यांनी दार उघडून मूठभर काळं खत बाहेर काढलं. व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं, मुठीत दाबून बघा. हाताला ओल लागली पाहिजे, पण पाणी गळता कामा नये.

यांनी मूठ दाबली. मूठ उघडली. बोटांकडे बघत राहिले. मग ते खत त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

"तू बघ. मला नाही कळत."

मी दाबलं. "ओल आहे. गळत नाहीय. बरोबर आहे अगदी."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"पिशवी कुठंय?"

"तुम्ही ठेवलीत तिथेच."

"घे चप्पल घालून," ते म्हणाले. "तूही चल. बोट तुझं लागेल."

आम्ही जवळच्या रस्त्याने गेलो. बाइंडरने यांना बघितलं आणि नळासमोरचं स्टूल बाजूला केलं. यांनी पाणी बंद केलं, नळ खोलला, जुना वायसर काढून नवा घातला. पान्यावर हात पूर्वीसारखाच चालत होता, तो कुठे गेला नव्हता. मग पाणी सोडलं, नळ बंद केला, फडक्याने सगळं पुसलं आणि थोडा वेळ थांबले. बाइंडर खळीचा ब्रश हातात धरून तसाच उभा होता.

"फिरव," हे मला म्हणाले.

मी पहिलं बोट जोडाखालून हळूच फिरवलं, मग नळाच्या तोंडाखालून. एकदा. खात्रीसाठी आणखी एकदा. ज्या शब्दावर माझं घर चाळीस वर्षं चाललं, तो माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता.

"कोरडं," मी म्हटलं.

बाइंडरने बादली उचलली, मोरीत रिकामी केली आणि कोपऱ्यात पालथी घातली.