उणे एक

जाऊ धाकटी असली की ती सगळ्याच बाबतींत धाकटी असावी, एवढीच साधनाची साधी अपेक्षा होती. शिक्षणात थोडी कमी, रंगानं थोडी डावी, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की मोठीच्या तोंडाकडे पाहणारी. रंजीता यातली एकही अट पाळत नव्हती. बारा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली ती बी.ए. होऊनच आली, आणि वर्षभरात बचत गटाची सचिव होऊन बसली.

सावली तालुक्यातल्या त्या गावात एका आंगणात दोन चुली होत्या. एक साधना आणि गुणवंतरावची, दुसरी रंजीता आणि आदेशची. सासू सुगंधाबाई दोन्हीकडे जेवायची आणि धाकटीच्या भाजीचं कौतुक मोठीच्या ओसरीवर बसून करायची. म्हातारीचा हेतू वाईट नसेलही, पण साधनाच्या घशाखाली तो घास कधी नीट उतरला नाही.

एकाच गोष्टीत साधनाचं पारडं जड होतं, ती म्हणजे तिचा मोबाइल नंबर. रंजीता नवी नवरी होती तेव्हा घरातल्या बायांत एकट्या साधनाकडेच मोबाइल होता. त्यामुळे रंजीताचं बँकेचं खातं, पॅन कार्ड, गॅस, बचत गटाचं कर्ज, जिथं जिथं नंबर मागितला तिथं तिथं साधनाचाच लागला. पुढे रंजीताकडे साधनापेक्षा भारी मोबाइल आला, पण कागदावरचा नंबर कोण बदलत बसतो? ओटीपी आला की रंजीताला आंगण ओलांडून यावं लागे आणि म्हणावं लागे, "बाई, नंबर आला का पाहा बरं." त्या वेळी साधना मुद्दाम आधी हात धुवायची, पदराला पुसायची आणि मग चष्मा शोधायची.

यंदा फेब्रुवारीत रंजीताच्या डोक्यात मिरची कांडपाच्या मशीननं घर केलं. गावात कांडप नव्हतं. तिखट करायचं तर बाया मिरच्यांचं पोतं घेऊन सावलीला जायच्या आणि दिवसभर नंबर लावून बसायच्या. आठवडी बाजारासमोरची खोली रिकामी होती. बँकेचे साहेब कर्जाला अनुकूल होते. फक्त त्यांनी बजावलं होतं, "बाई, आधी स्वतःचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, पाहून घ्या, आणि फाइल मंजूर होईस्तोवर त्याच्यावर लक्ष ठेवणारी एखादी सर्व्हिस लावा. हल्ली दुसऱ्याच्या कागदावर भलतेच लोक कर्ज उचलतात."

म्हणून दोघी जावा सावलीला विक्कीच्या ऑनलाइन सेंटरवर गेल्या. साधनाला कोणी बोलावलं नव्हतं. "ओटीपी तं माह्याच नंबरवर येईन," असं म्हणून ती आपणहून ऑटोत चढली.

विक्कीनं कॉम्प्युटरवर खाटखुट केलं आणि खुर्ची वळवली. "नऊशेत सातशे एक्क्याऐंशी! वा वहिनी, एवढा तं माहाही नाई."

"म्हणजे चांगला का गा?" साधनानं विचारलं.

"चांगला? बँकवाले खुर्ची देऊन बसवतीन वहिनीले."

साधनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तिच्याकडे हुकमाचा पत्ता होता. बचत गटातून शिलाई मशीनसाठी, शेळ्यांसाठी, नवऱ्याच्या मोटरसायकलसाठी उठसूट कर्ज काढणाऱ्या बाईला सातशे एक्क्याऐंशी, तर जिनं जन्मात कोणाचा रुपया घेतला नाही तिला किती मिळतील? तिनं पर्समधून पॅन कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "माहाही पाहा बरं."

विक्कीनं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "मोठ्या वहिनी, तुमचा उणे एक दाखवून राह्यलं."

"उणे?"

"मायनस एक. म्हणजे तुमचा काई रेकॉर्डच नाई. तुम्ही कधी कर्ज घेतलं नाई न."

"नाई घेतलं! कोनाचा एक पैसा नाई घेतला!"

"म्हणूनच तं उणे एक."

रंजीता हसली नाही. उलट, "त्याचा अर्थ वाईट नाई बाई," असं समजुतीनं म्हणाली. ती फिदीफिदी हसली असती तर साधनानं एकवेळ माफ केलं असतं, पण ही समजूत तिच्या जिव्हारी लागली. शाळेत पोराला शून्य मिळालं तर निदान तो परीक्षेला बसला होता असं म्हणता येतं. हिला त्याच्याही खाली टाकलं होतं. कर्ज घेणारीला मान आणि न घेणारीला उणे, हा कोण्या देवाचा न्याय म्हणायचा?

मग विक्कीनं लक्ष ठेवणाऱ्या सर्व्हिस सांगितल्या. पहिली फुकट होती, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मागवायचा आणि आपणच वाचायचा, मेसेजबिसेज काही नाही. दुसरं एक ॲप, तेही फुकट, दर महिन्याला स्कोअर दाखवणार, पण दिवसभर "कर्ज घ्या, कर्ज घ्या" म्हणून डोकं खाणार. तिसरीला महिन्याचे पैसे पडत होते, पण तुमच्या नावावर कुठं काही हललं, कोणी कर्ज मागितलं, कोण्या बँकेनं तुमची माहिती पाहिली, की लगेच मोबाइलवर मेसेज.

"फुकटवालीच बरी," रंजीता म्हणाली. "उगाच महिन्याले पैसे कायले?"

साधनाचं डोकं अशा वेळी फार वेगानं चालायचं. मेसेज मोबाइलवर म्हणजे कोणाच्या मोबाइलवर? ती एकदम मोठ्या जावेच्या मायेनं बोलली, "अवं, पैशाकडे काय पायतं! एवढं मशीनचं कर्ज. तिसरीच घे. ध्यान ठेवनारं कोनी पायजेच मानसाले."

रंजीतानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्ही म्हणता तं तिसरीच घेते बाई."

"नंबर कोनता टाकू? हाच राहू देऊ का?" विक्कीनं विचारलं.

"राहू द्या," रंजीता म्हणाली.

बी.ए. झाली, पण अक्कल नाही आली, असं मनात म्हणत साधनानं ओटीपी सांगितला. त्या दिवशी परत येताना ऑटोत ती स्वतःशीच गुणगुणत होती.

तेव्हापासून साधनाला नवा उद्योग मिळाला. चुलीवर भात असो की आंगणात सडा, मोबाइल टुणकन वाजला की ती धावायची. रंजीताचा स्कोअर सातशे शहाऐंशी झाला, हे रंजीताच्या आधी साधनाला कळलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. बँकेनं रंजीताचा रिपोर्ट मागवला, म्हणजे फाइल पुढे सरकली, हेही तिला आधी कळलं. ती रंजीताला यातलं अक्षरही सांगत नसे. फक्त जाता येता टोमणा मारायची, "काय वं, आता तं तू सायबीण होशीन." रंजीता नुसती मान हलवायची. म्हणजे हिला काहीच पत्ता नाही, असं साधना समजायची आणि तेवढ्यापुरता जीव थंड व्हायचा. पण मत्सराचं पोट कधी भरतं का? जितकं जास्त कळे तितकं तिला जास्त जळायला मिळे. गुणवंतराव एकदा वैतागून म्हणाले, "दिवसभर त्या डबड्यात काय पाहून राह्यली तू?" तिनं मोबाइल पदराआड घेतला.

मार्च लागला. मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा पडू लागला. एका मंगळवारी दोघी जावा पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात गेल्या आणि ऊन डोक्यावर येईस्तोवर फुलं वेचत राहिल्या. जंगलात रेंज नसते. गावाच्या पांदणवाटेला लागल्यावर साधनाचा मोबाइल वाजला. तिनं मागं राहून मेसेज उघडला. रंजीताच्या नावानं कोण्या दूरच्या शहरातल्या दुकानात हप्त्यावर मोबाइल घ्यायला कर्ज मागितलं गेलं होतं. वेळ त्याच सकाळची होती. खाली ठळक लिहिलं होतं की हे तुम्ही केलं नसेल तर ताबडतोब कळवा.

रंजीता चार पावलांवर होती, डोक्यावर मोहाची टोपली, पदर कमरेला खोचलेला. ती सकाळपासून साधनाच्या नजरेआड एक क्षणही झाली नव्हती. कोणी चोर हिच्या नावावर हात मारतो आहे, हे साधनाला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ समजलं. हाक मारायला तिचं तोंड उघडलंही.

मग तिला वाटलं, मी काऊन सांगू? सातशे शहाऐंशीवाली आहे, पाहून घेईन तिचं तिनं. लागू दे थोडा बट्टा. सातशेचे सहाशे झाले तर काय आभाळ कोसळतं? जरा आपल्या रांगेत तर येईल. आणि विचारलंच कोणी, तर मेसेज इंग्रजीत होता, मले इंग्रजी कुठी येते? साधना बारावी शिकली होती आणि महिनाभर असे मेसेज घडाघडा वाचत होती, पण हे सांगायला कोण येणार होतं? तिनं मोबाइल कमरेला खोचला आणि पुढे जाऊन रंजीताला विचारलं, "आज किती भरली वं टोपली?"

बुधवारी तसाच दुसरा मेसेज आला. गुरुवारी तिसरा आला, त्यात कर्ज मंजूर झाल्याचं लिहिलं होतं. आता साधना अडकली. सांगावं तर मंगळवारी काऊन नाही सांगितलं, हा प्रश्न येणार. न सांगावं तर रात्री डोळा लागेना. मत्सर होता तोवर झोप तरी येत होती.

शुक्रवारी रंजीता बँकेतून आली ती थेट साधनाच्या दारात आली. तिच्या तोंडावर रंग नव्हता. "बाई, सायबानं फाइल थांबवली. म्हणे आठवड्यात दोन ठिकानी कर्ज मागतलं, एका ठिकानी मोबाइल उचलला, आन् आमाले सांगतलं नाई. मी कोनाले मागतलं? तुम्हाले मेसेज आला होता का?"

"थांब, पायते," साधना म्हणाली आणि चष्मा शोधू लागली. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

ओसरीवरून सुगंधाबाई विचारत राहिली, "काय झालं वं? काय झालं?"

तक्रारीला मूळ मेसेज लागणार होते, म्हणून त्याच पावली दोघी विक्कीकडे गेल्या. विक्कीनं साधनाच्या हातून मोबाइल घेतला, मेसेज उघडले आणि तारखा वाचल्या. त्यानं एकदा पडद्यावर पाहिलं, एकदा साधनाकडे. मग हळूच म्हणाला, "मंगळवारीच कळवलं असतं तं तिथंच अडलं असतं वहिनी. आता तक्रार टाकतो, नाव साफ होईन, पन महिना तं जाईन. तोवर बँक काई हलनार नाई."

महिना म्हणजे तिखटाचा हंगाम गेला. बाजारासमोरची खोली कोण महिनाभर राखून ठेवणार होतं?

"मले त्या इंग्रजीतलं..." साधनानं सुरुवात केली.

"राहू द्या बाई," रंजीता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाले काय वाटते, तुमचा नंबर ठेवला थो मी भोळी म्हणून ठेवला? मी बाजारातून काय आनलं हे माह्या नवऱ्याच्या आंधी तुम्हाले माहीत रायते. बँकेत पायलं मी, माहा स्कोअर वाढला त्याच दिवशी तुम्ही जेवल्या नाई, थेही मले माहीत आहे. मी म्हटलं, जळू द्या, जळते तं. कोनती कंपनी एवढं बारीक ध्यान ठेवीन? माह्या नावाले परक्यानं हात लावला तं आपली मोठी बाई सारं गाव गोळा करन, असं वाटलं मले. तुमच्या मायेवर भरोसा नव्हता माहा, खोटं कायले बोलू? तुमच्या जळनीवर होता. थेही कामाले नाई आली."

मेली, भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात साधना कोणाला हार गेली नव्हती. पण आपल्यातल्या ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटायची, तिच्यावरसुद्धा या पोरीनं विसंबून पाहिलं होतं, आणि आपण तेवढ्यालाही पुरलो नाही, हे तिला आतून कापत गेलं. जन्मात पहिल्यांदा कोणी तिला काही उधार दिलं होतं, आणि तिनं ते बुडवलं होतं.

"विक्कीभाऊ, नंबर बदलून माहा टाका," रंजीता म्हणाली. "बँकेत, गॅसले, गटात, सगळीकडं."

"सगळीकडचं होईन हळूहळू. इथलं आता करतो. जुन्या नंबरवर ओटीपी येईन."

साधनाच्या हातात परत आलेला मोबाइल वाजला. रंजीता तिच्याकडे न पाहता म्हणाली, "सांगा बाई."

तिनं हात पुसले नाहीत, चष्मा शोधला नाही. तिनं एकेक आकडा नीट, खरा वाचला. शेवटच्या आकड्याशी मात्र ती थांबली, कारण तो सांगितल्यावर रंजीताला आंगण ओलांडून तिच्या दारी यायचं काहीच कारण उरणार नव्हतं.

"बाई?" विक्की म्हणाला.

तिनं तोही सांगितला.