पवळीला घास

पेणकरपाड्यात आता गाय एकच उरली होती आणि ती जिजाबाईची होती. बाकीच्यांच्या गोठ्यांवर टॉवर चढले, पार्किंग झाली, एका गोठ्याच्या जागी तर जिम आलं आणि जिथे म्हशी रवंथ करायच्या तिथे माणसं हौसेने धापा टाकू लागली. जिजाबाईचा गोठा मात्र दोन टॉवरांच्या फटीत, पत्र्याखाली तसाच राहिला. तिच्या नवऱ्याने, धर्माजीने, शेत दिलं, मिठागराकडची जमीन दिली; पण गोठ्याचा विषय निघाला की तो बिल्डरच्या तोंडावर उठून चालू लागायचा. धर्माजी जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. मुलाने, धर्मेशने, अजून गोठ्याला हात लावला नव्हता. आईच्या मायेपेक्षा आईच्या तोंडाला तो जास्त भिऊन होता.

गाईचं नाव पवळी. रंग तांबूस, डावं शिंग खाली वळलेलं, स्वभाव मानी. धर्माजीने ती एवढीशी कालवड असताना आणली होती. तो गेला तेव्हा घरात माणसांची रीघ लागली, सगळे रडले, सगळे जेवले. पवळी दोन दिवस जेवली नाही. जिजाबाईने ते लक्षात ठेवलं होतं. तेव्हापासून तिचं जे काही बोलणं असायचं ते पवळीशी. सुनेने, मिनलने, भाजीत मीठ कमी घातलं हेसुद्धा आधी पवळीला कळायचं.

दुसरी एक मैत्रीण होती, सुलू. ही संगमेश्वरकडची, पूनम सागरमध्ये राहणारी. रोज सकाळी मेथीच्या काड्या, मटारच्या साली पिशवीत भरून आणायची आणि पवळीच्या कपाळावर हात फिरवून मगच कामाला जायची. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला गाईचा वास आवडतो, एवढ्यावरच जिजाबाईने तिला घरची मानलं होतं.

आता वर्षातला एक दिवस असा, की गावात एकच गाय असणं म्हणजे त्या गाईच्या जिवावर बेतणं. तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा. पितरांच्या नावाने घरोघर पान वाढायचं, त्यातला घास कावळ्याला आणि गाईला द्यायचा. कावळे मीरा रोडला हवे तेवढे आहेत, गच्चीवर पान ठेवायचा अवकाश. गाय कुठून आणायची? मग रत्नागिरीचे, रायगडचे, इथले तिथले, सगळे आपापल्या आजेसासऱ्यांना हातात घेऊन पेणकरपाड्यात यायचे.

धर्माजी होता तोवर त्याने यावर सोपा उपाय केला होता. अमावास्येला पहाटेच पवळीला घेऊन तो मिठागराकडे निघून जायचा, तो दिवेलागणीला परत. "भात-वडे गायीच्या पोटात आंबतात," तो म्हणायचा. "चिमूटभर चाललं. पन चिमूटभर देनारे हजार हायत." लोक दारात येऊन चरफडत परत जायचे. मागच्या वर्षी तो नव्हता, तेव्हा जिजाबाईने गोठ्याला आतून कडी लावून घेतली आणि बाहेरून आलेल्या शिव्या शांतपणे ऐकल्या.

या वर्षी धर्मेशच्या अंगात नगरसेवक शिरला होता. पक्षाचं तिकीट मिळेल अशी त्याला कुणीतरी आशा लावली होती, आणि आशा लावलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. अमावास्येच्या आठ दिवस आधी पाड्याच्या तोंडावर बॅनर लागला. 'गोग्रास सेवा. सकाळी नऊ ते एक.' खाली धर्मेश, हात जोडलेला. पूनम सागरपासून स्टेशनपर्यंतच्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच फोटो फिरला.

"न्हाय," जिजाबाई म्हणाली. "तुजा बापूस तिला घेऊन का जायचा, ते इसरलास?"

"आये, एक-एक घास गं. कोण पोतंभर घालणार आहे? आणि मी उभा असणार ना तिकडे."

"तू उबा असनार फोटोसाठी."

धर्मेश हसला आणि फोन कानाला लावून निघून गेला. जिजाबाईने वाद घातला नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. पहाटे उठायचं, दावं सोडायचं, मागच्या गल्लीने मिठागर गाठायचं. मग बस म्हणावं हात जोडून.

आणि ती उठलीही पहाटे. पण यंदा धर्माजीचं पान होतं. पहिलं वर्ष सरलं होतं, वर्षश्राद्ध झालं होतं, आता पितरांत त्याचं पहिल्यांदाच पान वाढायचं होतं. तो आयुष्यभर ज्या गाईमागे फिरला तिला त्याचा घास द्यायचा नाही, हे जिजाबाईच्या मनाला पटेना. एवढं पान दाखवायचं आणि निघायचं, असं तिने ठरवलं. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. वडे तळले, तांदळाची खीर केली, त्याला आवडायची तशी गुळाची. तोवर चांगलं उजाडलं होतं.

केळीचं पान घेऊन ती गोठ्यात गेली. पवळीने आधी हुंगलं, मग खीर चाटली, वडा ओढला आणि शेवटी पानसुद्धा खाऊन टाकलं. जिजाबाईच्या डोळ्यांना धार लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, माणूस पोटभर जेवून उठला. ती पवळीच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या रडण्यात अर्धा तास गेला.

दाव्याला हात घातला तर गोठ्याच्या दारात सुलू उभी. एका हातात मेथीच्या काड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट.

"मावशी, सासूबाईंचं पान आहे. मागल्या वर्षी परत नेलं मी. वर्षभर घरात काही ना काही चालूच आहे. ह्यांचं ऑपरेशन झालं, पोराचा रिझल्ट तसा. एकच घास घेऊ दे ना तिला."

जिजाबाई नाही म्हणायला तोंड उघडत होती. पण पवळीच्या ओठाला अजून खीर लागलेली होती आणि ती सुलूला दिसत होती. आपला नवरा जेवला, मग हिच्या सासूने काय घोडं मारलं? तिने बाजूला सरून वाट दिली. सुलूने वडा भरवला. सुलूच्या मागे तिच्या मजल्यावरची बाई होती. त्या बाईच्या मागे रांग होती.

मग काय, नऊ वाजायच्या आधीच सेवा सुरू झाली. रांग पाड्याच्या तोंडापर्यंत गेली, वळून मेडिकलच्या दुकानापर्यंत गेली. डबे, ताटं, पत्रावळी, फॉइलच्या वाट्या. धर्मेश पांढऱ्या झब्ब्यात दारात उभा राहून प्रत्येकाला नमस्कार घालत होता. जिजाबाईने पुढे घमेलं ठेवलं. "ह्यात टाका, मी घालीन तिला हलूहलू." कोणी ऐकेना. "नाही मावशी, डोळ्यांसमोर खाल्लं पाहिजे." "भैया, जरा आगे बढ़ो ना, ऑफिस है." पवळीला बिचारीला काय कळणार? जन्मभर तिने गवत खाल्लेलं. इतकी खीर, इतके लाड एकाच सकाळी तिच्या वाट्याला आले, आणि ती खात सुटली.

साडेअकराच्या सुमाराला तिने तोंड फिरवलं. जिजाबाईने लगेच दार ओढलं. बाहेर ओरडा झाला. धर्मेश आत आला, चेहरा लाल.

"आये, साठ-सत्तर माणसं उभी आहेत! एक वाजेपर्यंत लिहिलंय आपण."

"लिवलंय तू. पोट तिचं हाय."

"बास पाच मिनिटं गं. माझी इज्जत जाईल."

त्याने दार उघडलं. पवळी मान हलवून नको म्हणत होती. लोकांना ते अपशकुनासारखं लागलं. दुसऱ्यांचं खाल्लं, आमचंच का नको? एका चष्मेवाल्या गृहस्थाने, दिसायला अगदी सज्जन, पवळीचा जबडा बोटांनी उघडला आणि वडा आत सारला. मग हात जोडून डोळे मिटले. जिजाबाईने त्याला ढकललं, शिव्या घातल्या, तशी धर्मेशने तिचा दंड धरून तिला घरात नेऊन बसवलं. "आईची तब्येत बरी नाही," तो लोकांना म्हणाला.

तीन वाजता पवळीचं रवंथ थांबलेलं जिजाबाईने पाहिलं. डावी कूस फुगली होती, बोटाने वाजवली तर ढोलासारखी वाजत होती. पवळी दात खात होती, बसत होती, परत उठत होती. जिजाबाईने तेलात हिंग आणि सोडा घालून बांबूच्या नळकांड्याने पाजलं, कूस चोळली, तिला चालवायचा प्रयत्न केला. मिनल, जिच्या मिठाचा एवढा उद्धार व्हायचा, ती मुकाट्याने फोन लावत बसली. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर पलीकडच्याच रस्त्यावर तिघे होते. एकाकडे तर कुत्र्याचे केस कापून मिळत. पण गाय म्हटल्यावर तिघेही "अरे बापरे" म्हणाले. गाईचा डॉक्टर वसईहून निघाला आणि वाटेतल्या ट्रॅफिकमध्ये अडकला.

"कुठवर आले?" जिजाबाई दर पाच मिनिटांनी विचारत होती. "घोडबंदरला," मिनल सांगायची. घोडबंदर काही संपेना.

पवळी आडवी झाली. तिने मान लांब करून जिजाबाईच्या मांडीवर टेकली आणि हात चाटला, एकदाच. टॉवरांतले दिवे लागत होते. डॉक्टर आला तेव्हा त्याला बॅग उघडावी लागली नाही. त्याने घमेल्यात पाहिलं, भिंतीशी रचलेल्या पत्रावळींकडे पाहिलं आणि म्हणाला, "दरवर्षी आजच्या दिवशी मला हेच बघावं लागतं."

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. सकाळी पालिकेची गाडी आली, चार माणसांनी साखळी लावून पवळीला चढवलं. जिजाबाई गाडीमागे कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली तर दारात माणसं. कालचीच. हळहळायला आली होती असं त्यांना वाटत होतं, पण खरं तर प्रत्येकाला एकच ऐकायचं होतं.

"आमचा तर एवढासा भात होता, मावशी."

"आम्ही नुसती खीर चाटवली."

"न्हाय, तुमच्यानं न्हाय," जिजाबाई प्रत्येकाला सांगत होती. ते ऐकून माणसं सुटकेचा श्वास टाकायची आणि मग मोकळेपणाने बोलायची. किती पुण्यवान जीव! अमावास्येलाच गेली. सगळ्यांचे पितर सोबत घेऊन गेली बघा. एकीने तर रिकाम्या दावणीला हळदकुंकू वाहिलं.

सुलू सगळ्यांत शेवटी आली. डोळे सुजलेले. हातात सवयीने आणलेली काड्यांची पिशवी होती, ती कुठे ठेवावी ते तिला समजत नव्हतं.

"मावशी, मीच दार उघडायला लावलं ना? सगळ्यांच्या आधी माझं पान होतं."

जिजाबाईने ती पिशवी तिच्या हातातून घेतली आणि गव्हाणीखाली ठेवली. हिलाही 'न्हाय' म्हणून टाकणं सोपं होतं.

"पयलं पान तुजं न्हवतं," ती म्हणाली. "पयलं माजं व्हतं. तू आलीस तवा ती जेवलेली व्हती. ज्यानं तिला बारा वर्सं ह्या दिवसापासून वाचवली, त्याच्याच नावानं मी पयला घास घातला."

सुलू रडू लागली. जिजाबाईने तिची समजूत काढली नाही. तिला स्वतःचीच काढता येत नव्हती.

संध्याकाळी पाड्याच्या तोंडावर नवा बॅनर चढला. 'गोमाता पवळीस भावपूर्ण श्रद्धांजली.' धर्मेश तोच, झब्बा तोच. शेजारी पवळी, गळ्यात फुलांचा हार चिकटवलेला. जिजाबाई पाहायला गेली, कारण पवळीचा फोटो धर्मेशकडे कुठून आला ते तिला कळेना. त्याने कधी तिच्या जवळ उभं राहून फोटो काढला नव्हता. शेणाचा वास लागतो म्हणायचा.

जवळ गेल्यावर तिला कळलं. घरातल्या भिंतीवरचाच फोटो होता, धर्माजी आणि पवळी. बापाला कापून काढला होता. कापणाऱ्याकडून एक चूक मात्र झाली होती. पवळीच्या मानेवर हात राहिला होता. नुसताच हात, मनगटापर्यंत, मिठाने चिरा पडलेला, करंगळी वाकडी.

जिजाबाई घरी गेली. गवत कापायचा विळा घेऊन आली. रिक्षा स्टँडवरच्या माणसाकडून स्टूल मागून त्यावर चढली आणि बॅनरला विळा लावला.

"आये!" धर्मेश धावत आला. "काय करतेस? लोक बघतायत!"

"बगूं दे. काल पन बगतच व्हते."

तिने हातासकट पवळी कापून घेतली. बॅनरवर भलंमोठं भोक पडलं, त्याच्या शेजारी धर्मेश हात जोडून हसत राहिला. तुकडा गुंडाळून काखेत घेऊन ती गोठ्यात गेली आणि तो गव्हाणीच्या वर खिळ्याला अडकवला. खाली सुलूची पिशवी पडली होती. तिने मेथीच्या काड्या काढल्या, पाण्याने धुतल्या आणि गव्हाणीत नीट पसरून ठेवल्या.

आदल्या दिवशी तिने पवळीला एवढंच घालायला हवं होतं.