मास्तरांचा डावा हात

"बाणाच्या दिशेनं फिरवा, मावशी. उलटं नाही. आणि घाई अजिबात नको."

"सिस्टर, माझ्यानं नाही व्हायचं हो हे," मावशी म्हणाल्या. फरशी पुसायचं फडकं अजून त्यांच्या खांद्यावरच होतं.

"होईल. या नळीत बुडबुडा दिसला की थांबायचं आणि ओरडायचं. एवढंच लक्षात ठेवा."

डायलिसिसच्या खोलीतली वीज जाऊन पाच मिनिटं झाली होती. बाहेर एकोणपन्नास अंश. जनरेटरनं सकाळीच अंग टाकलं होतं, आणि मशीनच्या बॅटऱ्यांनीही आज दगा दिला. तीन मशीनवर तीन माणसं होती, आणि प्रत्येकाचं पेलाभर रक्त नळ्यांमध्ये अडकलेलं. ते तिथेच गोठण्याआधी हँडल हातानं फिरवून ज्याचं त्याला परत द्यायला हवं होतं. तीन हँडलं, फिरवायला सिस्टर, टेक्निशियन आणि मावशी.

सिस्टरच्या खिशात फोन वाजत होता. कोणाचा, ते न बघताही तिला माहीत होतं.

आज दुपारी तीन दहाला गाडी होती. उत्तरेकडे. तीन दिवस, तीन रात्रींचा प्रवास, आणि मग थंडी. दोन वर्षं खेटे घालून तिला परवाना मिळाला होता. तिकडे नर्स हव्या होत्या, म्हणून तिच्यामागे नवऱ्याला आणि मुलीलाही जागा मिळाली. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता, पण शाळाच निम्म्या बंद झाल्या होत्या. नऊ वर्षांच्या चिऊचा दर उन्हाळ्यात घोळणा फुटायचा, आणि उन्हाळा आता दहा महिन्यांचा झाला होता. तिची आजची ड्युटी बाराला संपायची होती. पेशंटना तिनं काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार? मशीन लागणाऱ्या माणसाला उत्तरेचा परवाना मिळत नव्हता.

"सिस्टर! बुडबुडा!"

मावशींचा हात हँडलवरच थिजला होता. सिस्टरनं आपल्या समोरची नळी चिमट्यानं बंद केली, एका ढांगेत पलीकडे गेली आणि मावशींच्या मशीनची नळी आवळली. बुडबुडा वाटाण्याएवढा होता, पेशंटच्या हातापासून वीतभर लांब. नळी उभी धरून तिनं टिचक्या मारल्या. एक, दोन, पाच. बुडबुडा हळूहळू वर सरकला.

"बघितलंत? वेळेवर ओरडलात. फिरवा आता."

मावशींचा हात पुन्हा फिरू लागला.

तिघांचं रक्त परत गेलं. सुया काढल्या. वीज यायला सव्वा वाजला. बाकीच्या दोघांची मशीनं पुन्हा सुरू झाली. राहिले मास्तर.

मास्तरांनी जन्मभर भूमिती शिकवलेली. मंगळवारीही वीज नसल्यामुळे त्यांची पाळी हुकली होती. आता उशा लावून बसवलं तरी त्यांना धाप लागत होती, पाय सुजले होते. त्यांना आज तसंच घरी पाठवणं म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

"तुम्ही टोचाल?" तिनं टेक्निशियनला विचारलं.

टेक्निशियन पन्नाशीचा होता. मशीन खोलून पुन्हा जोडणं त्याच्या डाव्या हाताचा मळ, पण सुई म्हटली की त्याला घाम फुटायचा. "दुसऱ्या कोणाचाही हात द्या," तो हळूच म्हणाला. "मास्तरांचा नको. मागे दोनदा सुजवलाय मी."

मास्तरांच्या डाव्या हातातली शीर नऊ वर्षांच्या सुयांनी गाठाळलेली होती. ती कुठे वळते, कुठे खोल जाते, हे फक्त सिस्टरच्या बोटांना ठाऊक होतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिनं घेतला.

"अगं, कुठे आहेस? गाडी लागलीय. आत सोडताना एकेकाचा चेहरा परवान्याशी ताडून बघतायत."

"एकाला लावायचंय अजून."

"दुसरं कोणी नाही?"

तिनं फोन खांद्याशी धरून सुयांचं पाकीट फाडलं.

"चिऊचं नाक पुन्हा फुटलंय," नवरा म्हणाला. "फलाटावर सावली नाही."

"तुम्ही दोघं बसा गाडीत. मी नाही पोचले तर पुढच्या गाडीनं येते."

"आणि पुढची सुटलीच नाही तर?"

"तिच्या डोक्यावर ओला रुमाल ठेव," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तर तिच्याकडे बघत होते. "गाडी कितीची आहे?"

"बोलू नका. धाप लागेल."

पहिली सुई चुकली. तिची, नऊ वर्षांत पहिल्यांदा. कातडीखाली निळसर फुगवटा आला. तिनं तो दाबून धरला, पूर्ण दहा मिनिटं. मग घाम पुसून थोडं वर चाचपलं, श्वास रोखला आणि दुसरी घातली. नळीत रक्त चढलं. रक्त परत नेणारी सुईही बसली. मास्तरांचा रक्तदाब स्थिर होईपर्यंत अडीच वाजून गेले.

ती स्टेशनवर पळत पोचली तेव्हा फलाटावर झाडूवाल्याशिवाय कोणी नव्हतं.

पुढची गाडी अकरा दिवसांनी होती. तीन दिवस नवरा फोनवर फक्त हो-नाही बोलला. चौथ्या दिवशी त्यानं चिऊचा फोटो पाठवला. कानटोपी घातलेली, गाल लाल झालेली चिऊ ओळखूच येत नव्हती. सिस्टरनं तो मावशींना दाखवला, मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली.

त्या दिवसापासून मास्तरांची पाळी आली की ती टेक्निशियनला शेजारी बसवू लागली. त्याचं बोट धरून शिरेवरून फिरवायची. "इथे वळते. जाणवलं? इथे टोचलंत की फुगणार. बोटभर वर या."

"पेनानं खूण करून ठेवू?"

"खूण पुसली जाईल. डोळे मिटून शोधा."

मास्तर हात पुढे करून पडून राहायचे. दोन वेळा त्यानं चुकवलं. तिसऱ्या वेळी सुई अर्धी गेली आणि अडकली.

अकराव्या दिवशी तिनं हातमोजे घातलेच नाहीत. पलंगापासून दोन पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभी राहिली. टेक्निशियननं शीर चाचपली, एकदा तिच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि सुई घातली. नळी लाल झाली.

मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. "लागलं नाही," ते म्हणाले. "निघा आता तुम्ही. ऊन वाढतंय."

तिला त्यांच्या हातावर हात ठेवायचा होता, पण तो हात आता मशीनला जोडलेला होता. तिनं त्यांच्या पायावरची चादर नीट केली, मावशींना डोळ्यांनीच 'येते' म्हणून सांगितलं आणि बॅग उचलली.

ती दारापर्यंत पोचली आणि मागे मशीनचा अलार्म वाजू लागला. कर्कश, न थांबता.

तिचे पाय जागीच थांबले. बॅगेच्या पट्ट्यावरची मूठ घट्ट झाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग टेक्निशियनची पावलं.

अलार्म बंद झाला. ती आणखी क्षणभर थांबली, आणि मग जिना उतरू लागली.